चौसष्टाव्या पानावर

आमच्या बोटीत कपाटांना आडवे दांडे आहेत,
लाट आली की पुस्तकं अंगावर येऊ नयेत म्हणून.
तरी येतातच.
ओड्वार सुकाणूवरून ओरडतो, "काय पडलं?"
मी म्हणते, "एक राजा आणि दोन अस्वलं."

सोळा धक्क्यांचा हा फ्योर्ड, धक्क्याला वीस मिनिटं.
पोरं बूट काढून आत येतात, मोज्यांना मेंढ्यांचा वास,
आणि मासेवाल्याला विचारावं तसं विचारतात:
ताजं काय?

ताजं दाखवते. चित्रं अजून ओली वाटतात.
चंद्रावर बेकरी काढणाऱ्या बहिणी,
दोन घरांची एक मुलगी, जिचा टूथब्रश नेहमी दुसऱ्या घरी.
मग हळूच जुनं सरकवते,
ज्याची शिवण यांच्याच आज्यांनी उसवलीय.
"तिसऱ्या प्रकरणापर्यंत दम धर," सांगते.
जुनी पुस्तकं आधी पाय पुसायला लावतात,
मग आत घेतात.

हाल्वोर आठ वर्षांचा.
या खेपेला भावाचं कार्डही घेऊन आला.
"हे बंद करायचं असतं ना?"
राहू दे, म्हटलं.
"मग ज्यात कुणी मरत नाही असं द्या."

चौदा वर्षं मी या बोटीवर.
वाटलं, लागेल हाताला पटकन.
जुन्यांत आई पहिल्याच पानावर जाते.
नव्यांत आजोबा जातात, सावकाश, जलरंगात.
माशांच्या पुस्तकात मासे.
इंजिन सुरू झालं तेव्हा घाईघाईत
दोराच्या गाठींचं पुस्तक दिलं
आणि वर, कोण जाणे का, कुत्र्याचं ते जुनं.
"अरे, यातला कुत्रा..."
तोवर धक्का सुटला होता.

तीन आठवड्यांनी दोन्ही परत.
गाठींचं पुस्तक दोराने बांधलेलं, गाठ क्रमांक एकोणीस,
मला सुटेना.
कुत्र्याच्या पुस्तकात चौसष्टाव्या पानावर चिठ्ठी:
"इथून कुत्रा मरायला लागतो.
डोळे मिटून एकाहत्तरवर जा.
तिथे सगळे सूप पीत आहेत."

सापडलेल्या चिठ्ठ्या काढून टाकायचा नियम आहे.
नाही काढली.
बर्फ वितळेपर्यंत पुस्तक नऊ धक्के फिरलं.

आज शेवटच्या धक्क्यावरून, उन्नीकडून आलं.
चिठ्ठीखाली दुसरं अक्षर, तिरकं, पेन्सिलीचं:
"मी नाही मिटले.
सदुसष्टवर तो एकदा शेपूट हलवतो.
ते चुकवू नकोस."

हाल्वोरचा धक्का अजून दोन वळणं लांब.
समुद्र खवळलाय.
पुस्तक दांड्याआड ठेवलं नाही,
मांडीवर धरून बसलेय.