दहा लाखांत सहा

हाल्श्का तडकलेला चंबू घेऊन येते
आणि दारातच उभी राहते,
शाळेत उशिरा आलेल्या मुलीसारखी.
व्रोत्स्वाफच्या विद्यापीठात मी काच फुंकतो, एकोणतीस वर्षं.
रसायन मला कळत नाही,
पण कुठल्या चंबूत कसली भीती भरली होती
ते तड्यावरून सांगतो.

ती म्हणते, कार्बनची ओळ ओढायची आहे,
निव्वळ कार्बनची, एकापुढे एक.
तीन हातांनी धरायचं, मग एका हाताने,
मग पुन्हा तीन.
सोळा जमले. अठरा जमले.
विसाव्याला दोन ओळी एकमेकींना
नुसत्या टेकल्या,
आणि तेवढ्या थंडीतही
तळाशी काजळी.

मग तिने टोकांना राखणदार बसवले :
हिवाळ्याचे कोट घातलेल्या दोन धिप्पाड बायका
अंगणात कपड्यांची दोरी ताणून उभ्या,
कोट इतके जाड
की शेजारणीची दोरी जवळ येऊच नये.
ओळ टिकली. महिनाभर टिकली,
कपाटात, पिवळी, निमूट.

अ‍ॅसिटिलीनपासूनच सगळं सुरू होतं, ती म्हणाली.
मी म्हटलं, तो माझ्या ओळखीचा.
झ्वोतोरियाजवळच्या खाणीत बाप तांबं खणायचा,
कपाळावर कार्बाइडचा दिवा.
खड्यावर पाण्याचा थेंब, थेंबाचा वायू, वायूचा उजेड,
आणि घरी आल्यावर
उशीलासुद्धा त्याचा लसणासारखा वास.

फेब्रुवारीत ती पळत आली.
ओळीने काम केलं होतं!
ना प्लॅटिनम, ना पॅलेडियम, धातूचा मागमूस नाही,
आणि हवेतला ऑक्सिजन
सांगितल्यासारखा वळला.
पुड्यात चार पाँच्की, आत गुलाबाचा मुरंबा.
माझ्या मेजावर साखर सांडत
ती उभ्याउभ्याच दोन खाऊन गेली.

नमुना पोझनानला गेला होता.
उत्तर आलं मंगळवारी :
तांबं, दहा लाखांत सहा.

ओळ विणताना तेच तर वापरलं होतं.
धुतलं, गाळलं, परत धुतलं.
आता काम कुणी केलं,
कार्बनने की त्या सहांनी?
प्राध्यापक झारेम्बा म्हणाले, सहा म्हणजे शून्यच,
लिही बिनधातूचं.
तिने लिहिलं नाही.

मी तिला बापाचे हात सांगितले.
दारातच तीन वेळा धुवायचा, वाळूने, साबणाने,
मग नुसत्या पाण्याने.
शवपेटीत ठेवला तेव्हाही
नखांखाली हिरवं होतं.

ती बराच वेळ माझ्या भट्टीकडे बघत राहिली.
मग म्हणाली, तांबं न लावता विणायची
एक वाट आहे, लांबची.
वर्ष जाईल. दोनसुद्धा.
नवीन चंबू लागेल,
गळा जरा अरुंद.

किती अरुंद, मी विचारलं.
तिने करंगळी दाखवली.