पगार ओला ठेवण्याची रीत

असोळण्याच्या सिप्रियानला
कंपनीने शेवटचे तीन महिने
सिगारमध्ये दिले.
म्हणजे
जहाज परक्या धक्क्यावर जप्त, मालक गायब,
आणि साहेबांच्या धूम्रपानाच्या खोलीची किल्ली
नेमकी याच्या खिशात.
कंपनीने दिले, असं तो म्हणतो.
मी विचारत नाही.

ब्याण्णव नग. जून, जुलै, ऑगस्ट.
"दिवसाला एक, टीचर. हिशेब बरोबर जुळतो."
तेहतीस वर्षं विज्ञान शिकवलं मी,
इतक्या जुळणाऱ्या हिशेबाची मला धास्ती वाटते.

पण त्याची अडचण वेगळी होती.
डिसेंबरात घाटावरून कोरडा वारा उतरला
की जूनचा पहिला आठवडा
बोटांत कडकड वाजायचा.
कुणाचं तरी ऐकून त्याने डब्यात
सफरचंदाची फोड ठेवली.
फोडीला बुरशी आली,
बुरशीने सात जुलै खाल्ला.

म्हटलं, मीठ आण.
तो हडफड्याच्या आगरातलं घेऊन आला, जाडं, करडं.
हे नको, यात मिठाशिवाय बरंच काही असतं,
दुकानातलं साधं आण.
दोन दिवस बोलला नाही.
आजा त्याचा मिठागरात राबलेला.

मग बाटलीचं झाकण, त्यात मीठ,
वर थेंब थेंब पाणी,
ओल्या वाळूइतकंच, विरघळू द्यायचं नाही.
घट्ट झाकणाच्या डब्यात सिगारशेजारी ठेवायचं.
हवा सुकली की हे देतं,
ओल वाढली की परत घेतं,
आणि पंचाहत्तर टक्क्यांवर थांबतं.
सिप्रियान म्हणाला, "असला मालक मिळायला हवा होता."

पाणी नळाचं नको म्हटलं
तर बँकेच्या एसीच्या नळीखाली बाटली लावून आला.
"काही न ठेवता बँकेतून काढायला
आज पहिल्यांदा जमलं."

पावसाळ्यात भिंतीच घाम गाळतात,
झाकणात तळं साचतं.
तेव्हा पाणी नाही रे, कोरडं मीठ घाल!
हे पटायला त्याला एक अख्खा पावसाळा लागला.
मध्येच किड्याची शंका आली,
म्हणून एस्पेरांसाच्या फ्रीझरमध्ये
चोरिसांच्या माळेशेजारी तीन दिवस ऑगस्ट ठेवला.
त्याला अजून व्हिनेगरचा वास आहे.

कांदोळीचा हॉटेलवाला येऊन गेला परवा.
एक कानाशी धरून दाबला, हसला,
भाव सांगितला, चांगला होता.
मग कागद मागितले.

संध्याकाळी सिप्रियानने डबा माझ्यापुढे धरला.
"घ्या एक दिवस."
मी ओढत नाही म्हटलं.
तरी त्याने शोधून काढला, एकोणीस जुलै.
काय होतं त्या दिवशी?
"काही नाही. दिवे गेले होते.
कप्तान बॅग घेऊन उतरला.
आम्ही ग्लास पुसत होतो,
दोनशे चाळीस ग्लास, टीचर,
कुणी सांगितलं नव्हतं."

तो दिवस आता माझ्या लोणच्याच्या बरणीत आहे.
शनिवारी झाकणात तीन थेंब घालते.
बरणी चारदा उकळली,
कैरीचा वास काही जात नाही.
सिप्रियानला अजून सांगितलेलं नाही.