उतरती आच

पवित्र शनिवार. भुसावळ. पारा एक्केचाळीस.
कागदी लिंबं तेरा, बाजारातली, गोटीएवढी.
उरसाबाई असती तर हसली असती.
इटलीतल्या तिच्या गावी म्हणे एका लिंबानं मूठ भरायची,
आणि साल अशी जाड,
की आधी उशी, मग रस.
(खरं नाव ओर्सोला. दवाखान्याच्या ओट्यावर
ते तीन दिवस टिकलं.)

इथली साल म्हणजे कांद्याचा पापुद्रा.
किसणीवर दोनदा फिरवलं की संपली,
तिसऱ्यांदा बोट.
आईनं केसपेपरच्या मागे पेन्सिलीनं लिहून घेतलंय :
पांढऱ्यावर जाऊ नये. कडू होते.
आणि खाली रेघ, दोनदा.
पुढच्या बाजूला कुणा गोदावरी सपकाळेचा ताप,
सकाळी एकशे दोन, संध्याकाळी नव्याण्णव.
बरी झाली असावी.

अंडी सहा.
लोणी मिळेना म्हणून डालडा, आणि मग डालडाच.
बडीशेप कुटून.
मैदा हाताला चिकटेल, चिकटू द्यावा.
करंगळीएवढी लांब वळी वळायची
आणि तिची एक गाठ.
सैल. घट्ट मारली की आत कच्ची राहते.
हे कागदावर नाही.
हे आई माझ्या लग्नाच्या आदल्या रात्री बोलली,
बिस्किटांबद्दलच बहुतेक.

चार पत्रे, वर केळीची पानं, पानांवर ओला पंचा.
रिक्षात मांडीला बसणारा चटका
पत्र्याचा की उन्हाचा, कळत नव्हतं.
सायबू तडवीची भट्टी तीनला रिकामी होते.
"आच उतरतीये सिस्टर, आत्ताच टाका,
नानकटाईला हीच लागते."
रेल्वे दवाखाना सोडून मला नऊ वर्षं झाली, तरी सिस्टर.
आणि ही नानकटाई नाही, हेही नऊ वर्षं सांगतेय.

पण काढायची कधी?
उरसाबाई एक फोडून तोंडात टाकायची
आणि आई तिच्या तोंडाकडे बघायची.
यंदा रमजान आणि आमचा उपवासकाळ एकमेकांवर आलेत.
मी राखेच्या बुधवारपासून गोड सोडलेलं,
सायबूच्या घशाखाली पहाटेपासून पाणी नाही.
भट्टीच्या तोंडाशी दोघं उभे, दोघांचे ओठ फुटलेले.
तो डोळे मिटून वास घेतो.
"थांबा. अजून लिंबूच पुढे आहे.
बडीशेप येऊ द्या."
कोपऱ्यात पंखा करकरतो.
"आता."

तळ बदामी, माथा फिका. हवी तशी.
वरून पिठीसाखर, लिंबाच्या रसात कालवलेली.
कागद म्हणतो, रात्रभर वाळू द्यावी.
भुसावळात रात्र लागत नाही.
चौथ्या गाठीवर ओततेय तोवर पहिलीवर साय धरली,
दहावीपर्यंत तिला तडे.
रंगीत बडीशेप चिमटीनं पटापट टाकायची,
उशीर झाला की दाणे घरंगळून पावाच्या पेटीखाली.
तिथल्या मुंग्यांचा सण आधीच सुरू झालाय.

पत्रे धुणारा निंबा, पारोळ्याकडचा,
आजोबाचं नाव लागलेला.
त्याला ना रोजा ना उपास.
हातावर एक ठेवली,
आणि साठी ओलांडलेले आम्ही दोघं
त्याच्या जबड्याकडे बघत राहिलो.
"होळीना हारकंगनसारखं दिसस," तो म्हणाला.
"पन आंबट शे."
आंबट चांगलं का वाईट?
त्यानं दुसरी उचलली.

सायबूच्या बारा डब्यात वेगळ्या काढून दिल्या.
पावणेसातला भोंगा होईल, तो खजूर खाईल, पाणी पिईल,
मग डबा उघडेल.
माझी वेळ मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर.
म्हणजे माझ्याआधी त्याला कळणार.
तेराव्या लिंबाला, कुणीतरी दारावर हाक मारली तेव्हा,
माझा हात पांढऱ्यावर गेला होता.
सायबू उद्या सांगेल.
पावाच्या बाबतीत तो खोटं बोलतो,
माझ्या बिस्किटांच्या बाबतीत अजून तरी नाही.