कोणता किल्ला?

तिसऱ्या पानाच्या समासात
गजभिये मॅडमनी पेन्सिलीनं एवढंच लिहिलं होतं :
कोणता किल्ला?

मग मी माझंच पान वाचलं, पहिल्यांदा नीट.
‘किल्ल्याच्या पूर्वेस विणकरांची दाट वस्ती असून
येथील चादर दूरवर प्रसिद्ध आहे.’
गोळीबार चौकात. चादर.
घाईत गावाचं नाव तेवढं बदललं होतं मी,
सोलापूर पुसून नागपूर.
किल्ला राहून गेला, खंदकासकट.

सुचलं लगेच : सीताबर्डीचा म्हणावं.
आहेच की किल्ला. खोटं कुठाय?
मॅडम खिडकीशी कुलरमध्ये
बादलीनं पाणी ओतत होत्या.
पाठमोऱ्याच म्हणाल्या,
‘सीताबर्डीचा सांगू नको.
तिथं पूर्वेला आधी रेल्वेचे रूळ लागतात.’

रागावल्या नाहीत. तेच वाईट.
खाकी पुठ्ठ्याची एक कोरी वही सरकवली.
‘आधी प्रश्न लिही, तुला खरंच माहीत नसलेले.
मग जा, विचार, बसून राहा.
आणि ज्याचं घेशील त्याचं नाव
त्याच दिवशी टाक, झोपायच्या आत.
सकाळपर्यंत ते आपलंच वाटायला लागतं.’

रात्री एकवीस प्रश्न झाले.
चौदांची उत्तरं पाठ होती मला,
कुठून, ते आठवत नव्हतं.
खोडले.
उरलेल्या सातांतला एक :
माग कायमचा थांबला
त्या दिवशी घरात झोप लागली का?
हा मॅडमना दाखवला नाही.

देवाजी निपाने, वय त्यांच्या मते सत्तर,
सुनेच्या मते शहात्तर. दोन्ही लिहिलं.
पाचपावलीच्या गल्लीत एकच खोली,
खोलीभर माग,
मागावर वाळत घातलेला शाळेचा गणवेश.
‘काऊन आली बाई? सर्व्हेवाली हायेस?’
‘नाही जी. शिकून राहिली.’
‘मंग बस.’

तासभर ते खळीबद्दलच बोलले,
किती पातळ, किती आंबलेली,
बोटाला कशी कळते.
माझ्या सातांत खळ नव्हतीच.
मग ट्रंकेतून लुगडं काढलं,
करवती किनार, दातांत दात.
मी लिहायला लागले : नमुना, देवाजी निपाने.
त्यांनी वहीवर बोट ठेवलं.
‘माहा नव्हे तो. चिंधू धकात्याचा.
तीन दिवस बसवून शिकवला त्यानं मले,
पण शेवटचा दात नाही सांगितला.
तो म्या माह्या मनानं घातला.
हा पाह्य. वाकडा.’

चिंधूजी कुठे राहतात, विचारलं.
‘गेला. अठ्ठ्याऐंशीत.’
आतून सून म्हणाली, ‘नव्वद.’

झोपायच्या आत लिहिलं सगळं,
धकाते, निपाने, खळ,
आंबलेल्या वासालाही कंस टाकून ‘प्रत्यक्ष’.
सातवा प्रश्न विचारलाच नव्हता.
विचारायची गरज वाटली नाही, असं लिहिणार होते,
मग खरं लिहिलं : हिंमत झाली नाही.

आणि मग तो सोलापूरचा लेख परत उघडला,
ज्याच्यातून किल्ला उचलला होता.
नाव बघितलंच नव्हतं तेव्हा.
कु. अंबुबाई येमूल, एम.ए. भाग दोन.
म्हणजे माझ्याच वर्गातली म्हणा,
फक्त बारा वर्षांपूर्वीची.
तिचीही कुणीतरी पानं परत केली असतील,
तीही बसली असेल कुणाच्या तरी ओट्यावर,
उन्हात, पाणी मागायला लाजत,
आणि उठून दिशा बघितली असेल :
पूर्वेस.

महिन्याभरात मजकूर झाला पान-दीड पान,
खाली तळटीपा नऊ.
सहावी अंबुबाईची, चादरीसाठी,
आपल्याकडे ती नाही एवढंच सांगायला.

आज पान परत आलंय.
समासात तीच पेन्सिल :
सत्तर की शहात्तर? पुन्हा जाऊन ये.

चार वाजलेत. ऊन अजून रस्त्यावरच आहे.
जरा कललं की निघते.