गार असताना

काउंटरवर तीन खोकी.
लाल, काळं, आणि एक पांढरं,
ज्याचा कोपरा उंदरानं कुरतडलाय.
हातिमभाई गाडी कुठली ते विचारत नाहीत,
ती दारातच उभी आहे,
दोन चाकं फुटपाथवर चढवून,
ऑपेरा हाउसच्या टोइंगवाल्यांची वाट बघत.

"लाल द्या," मी म्हणते.
लाल म्हणजे शर्यतीचं.
सहाशे डिग्रीला हूं नाही की चूं नाही.
बॉनेटखाली एकशे नव्वद घोडे आहेत माझ्या,
मुलुंड ते वांद्रे रोज नेते त्यांना
वरातीत नाचवतात तसे,
जागच्या जागी.

शिवाय रविवारी पहाटे वरळीला जमणारी आमची मंडळी
चहा घेता घेता वाकून
रिमच्या काड्यांतून आत बघतात:
रंग कुठला.

हातिमभाई पॅड माझ्या तळहातावर ठेवतात.
वडीएवढं. पण जड.
"हे तापल्याशिवाय धरत नाही, बेन.
घाटात चार वळणं उतरा, मग याची मजा.
पण एक सांगा,
तुमचा दिवसातला पहिला ब्रेक कुठे लागतो?"

मी तोंड उघडते, मिटते.

बेसमेंटचा चढ. डावीकडे वळण. गेट.
पावणेसात.
रात्रभरात डिस्कवर आलेला गंजाचा पापुद्रा
अजून पुसला गेलेला नाही,
आणि तिसऱ्या मजल्यावरच्या घैसासांची ईरा
एक बूट पायात, एक हातात,
स्कूलबसमागे धावत सुटलेली.
ती डावी-उजवीकडे बघत नाही.
तिनं का बघावं? तिला फक्त बस दिसते.

"गेटपाशी," मी म्हणते.

ते लाल खोक्याचं झाकण लावतात.
बोलत काहीच नाहीत, हे त्यांचं बरं आहे.

पांढरं शांत, सभ्य, रिमवर धूळ नाही,
पण त्याला फार तापवू नये म्हणतात.
काळं गारच धरतं,
फक्त करवतीसारखं किंचाळतं सकाळी,
आणि चाकांवर काजळी, आठवड्याला एक फडकं वाया.

"आणि दिवाळीत आंबोली उतरते तेव्हा?"
"तेव्हा गिअर आहे ना! दुसऱ्यात टाका.
सगळं काय पॅडनंच करायचं?"

काळं घेतलं.
दोनशे रुपये सुटले, तेही त्यांनी
ब्रेक ऑइलच्या बाटलीत परत वळते केले.

मरोळला मेल्विन डाबरेनं बसवून दिलं,
हात पुसत म्हणाला,
"साठवरून दहावर आणायची. दहा वेळा.
पण पूर्ण थांबायचं नाही मध्ये.
तापलेलं पॅड जिथे थांबतं ना,
तिथे डिस्कवर डाग पाडतं. मग जन्मभर थरथर."

मुंबईत दहा वेळा न थांबता!
तरी गेले, पहाटे साडेचारला, फ्रीवेवर.
साठ. दहा. साठ. दहा.
खाली मिठागरांवर अंधार, मागे वाशीचे दिवे,
आत जळक्या वासाची उबळ,
ज्याला मेल्विन म्हणतो, "छान, आला की सांग."
पुलाच्या टोकाला एक हवालदार
बराच वेळ बघत असावा.
"मॅडम, काही पडलंय का रस्त्यावर?"
"नाही," म्हटलं, "ब्रेक शिकवतेय."
त्यानं मान डोलावली. नाइट ड्यूटीला
त्यानं याहून विचित्र ऐकलं असणार.

सोमवार.
चढ, वळण, गेट.
मी पाय ठेवला आणि ते किंचाळलं,
अख्खी सोसायटी उठवेल असं,
गाडी जागेवर, नाकासमोर अजून आठ-नऊ हात मोकळे.
ईरा थबकली.
पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं तिनं,
तोंड कडू करून, दोन्ही कान झाकून,
एक हातानं,
एक बुटानं.