तीन नंबरचा लेथ

कुंडईच्या पठारावर, काजूंच्या मागे
आमचा कारखाना. सोळा माणसं, एक भट्टी, चार लेथ,
आणि कुटबण-बेतूलच्या ट्रॉलरांसाठी
पाण्याखाली फिरणारे काशाचे पंखे.

तीन नंबरचा लेथ वडिलांनी घेतला तेव्हाच जुना होता.
त्याच्या पोटात कुठलासा दात तुटका आहे.
दर फेऱ्याला एकदा
जीभ टाळ्याला लावून सोडावी तसा
टक् करतो.

मार्चमध्ये वास्कोच्या गोदीतून पत्र आलं.
पत्र कसलं, मेल. तीन ओळी, खाली सहीसुद्धा नाही.
पुढच्या वर्षापासून प्रत्येक पंख्यासोबत
त्याची जन्मकुंडली हवी:
कुठल्या ओतातला, किती तापमानाला, कोणाच्या हातून,
आणि हे सगळं
कागदावर नको.

मी घाबरलो.
घाबरलेला मालक आधी खरेदीला निघतो.
पुण्याहून एक जण आला, चकचकीत बूट,
भट्टीजवळच्या वाळूत पाय उचलून उचलून टाकणारा.
त्याने पडद्यावर एक कारखाना दाखवला,
त्यात माणूस नव्हता. वाळूही नव्हती.
किंमत ऐकून मी पुन्हा चहा मागवला.

शेवटी भाचीने, फर्मागुढीला शिकते ती ऊर्वी,
काडेपेटीएवढी एक डबी तीन नंबरला चिकटवली.
नऊशे रुपयांची.
म्हणाली, मामा, आधी महिनाभर नुसतं ऐकू या.

सगुण त्या लेथवर बत्तीस वर्षं.
नव्या सोयऱ्याकडे बघावं तसं त्याने डबीकडे बघितलं
आणि तेल उडू नये म्हणून
तिला एक चिंधी बांधली.

जून. मासेमारी बंद, ट्रॉलर काठाला ओढलेले,
ज्याला त्याला पंखा आजच हवा.
मी फोनवर, मी गेटवर, मी बिलांत,
घसा बसेपर्यंत एकच म्हणत होतो:
लेथ जुना झालाय, लेथ हळू चालतो.

मग एका संध्याकाळी ऊर्वीने रेघ दाखवली.
दिवस आठ तासांचा.
लेथ फिरला तीन तास दहा मिनिटं.
बाकीची रेघ सपाट,
ओहोटीच्या खाजनासारखी.

इथे काय झालं, सव्वादहा ते बारा?
ड्रॉइंग माझ्या खणात होतं. खणाला कुलूप. मी बँकेत.
आणि इथे?
टूल संपलेलं, ऑर्डरवर माझी सही राहिलेली.
इथे?
वीज.
(हुश्श.)
आणि हे, दुपारचं?
मी माप तोंडी सांगितलं होतं. चुकीचं.

डबीला माझं नाव माहीत नव्हतं,
तरी महिन्यात तिने ते सतरा वेळा लिहिलं होतं.

सगुणला बोलावलं.
चष्मा कपाळावर ढकलून, नाक पडद्याला टेकवून
त्याने सगळी रेघ वाचली.
बरोबर आहे, म्हणाला.
तुला ठाऊक होतं?
उभा तिथेच असतो ना, पात्रांव.
मग बोलला का नाहीस?
त्याने हात पुसले. एकेक बोट वेगळं.
विचारलं कोणी?

नवं यंत्र अजून घेतलेलं नाही.
खणाचं कुलूप तेवढं काढलं.
ड्रॉइंगं आता भिंतीवरच्या पडद्यावर असतात,
सगळ्यांना दिसतात, माझ्या चुकांसकट.
ओताचं तापमान कायतान स्वतः भरतो,
पहिले आठ दिवस शिव्या देत, आता नुसता पुटपुटत.
गोदीचं काम राहील की जाईल, सांगता येत नाही.

नोव्हेंबरात सगुण निवृत्त होतोय.
परवा ऊर्वी रेघ साफ करत होती.
दर फेऱ्याला एक बारीक काटा उठतो,
तो तिला कचरा वाटला.
सगुणने तिचा हात धरला.
तो काढू नको, बाय.
तो आहे तोवर दात जागेवर आहे.
ज्या दिवशी काटा दिसणार नाही
त्या दिवशी लेथ बंद कर,
आणि मला फोन लाव.

तिने विचारलं, आणखी काय काय ऐकू येतं तुम्हाला?

तो स्टूल ओढून बसला.
बत्तीस वर्षांत लेथजवळ बसलेला
मी त्याला पहिल्यांदाच पाहिला.