सात आडवा

आधी काळी घरं भरते, जिथे कुणीच राहणार नाही ती.
वर डावीकडे एक भरलं की खाली उजवीकडे एक;
वही उलटी धरली तरी नक्षी तीच दिसली पाहिजे.
तेहतीस वर्षं गणित शिकवलं, त्यातलं
आता एवढंच उपयोगाला येतं.

मग लांब शब्द. कपाट आधी आत घ्यावं लागतं,
खुर्च्या मागाहून.
राष्ट्र दोन घरांत मावतं.
क ला एक घर, क्ष लाही एकच;
जोडाक्षराचं कुटुंब केवढंही असो,
जागा वाढवून मिळत नाही.
ळ कधी पहिला बसत नाही, ण सुद्धा नाही.
दोघांना टोकाशी सरकवायचं,
बसमध्ये नेहमी मागची सीट धरणाऱ्यांसारखं.
एकदा ळ आडव्याच्या मध्यावर आला
आणि त्याच्याखाली चार घरं मोकळी.
अकरा वाजेपर्यंत शब्दकोश चाळला,
मग सगळंच खोडलं.
मुलगी म्हणते, संगणक हे मिनिटात करतो.
करत असेल.

सूत्रं सगळ्यात शेवटी.
खोटं बोलायचं नाही,
आणि खरं सगळं सांगायचं नाही.

मंगळवारी साडेनऊच्या फेरीबोटीने चोडणहून रायबंदर,
तिथून पणजी. पाकीट पिशवीत नाही, हातात.
केंकरे चष्मा कपाळावर चढवून वाचतात,
जिथे अडतात तिथे बोटाने टकटक करतात.
त्या मंगळवारी सातावर टकटक केली.

सात आडवा, अक्षरं तीन:
*खारं पाणी अडवून धरायचं, वेळ आली की सोडायचं.*
मा तिथून खाली माटोळीत उतरतो,
स हे वरून आलेल्या फणसाचं शेवटचं अक्षर.
मधलं घर मात्र वरून काळं, खालून काळं.
एका घरावरून दोन वाटा जाव्यात, असा माझा नियम:
एक चुकली तर दुसरी हाक मारते.
इथे दुसरी वाट मला सापडली नव्हती.

"मानस," मी म्हटलं. "खाजणाच्या बांधातलं दार.
भरतीला मिटतं, ओहोटीला उघडतं."
"हे चोडणबाहेर कुणाला कळणार?"
"कळेल. नाहीतर मन आहेच."
केंकरे हसले नाहीत. छापलं मात्र तसंच.

(छापण्याचंही काही सांगता येत नाही.
एकदा बाराचा आकडाच गळला;
सोमवारी दुपारपर्यंत सव्वीस फोन.
"बारा कुठाय?" म्हणून एक म्हातारे रडकुंडीला आलेले.)

उत्तरं आली एक्केचाळीस.
त्यातलं एक ब्लेडने कापलेलं, कडा सरळ,
खाली नाव: कौसल्या लोंढे, बायणा, वास्को.
अक्षर शाळा लवकर सुटलेल्याचं,
पण एकही मात्रा इकडची तिकडे नाही.
सात आडवा: माणूस.

लाल पेन उचललं.
आडवं तपासलं, उभं तपासलं.
माटोळी जागच्या जागी, फणस जागच्या जागी.
कुठेच काही बिघडत नव्हतं.
सूत्र पुन्हा वाचलं, माझंच, मोठ्याने.

केंकऱ्यांना फोन केला, दोन उत्तरं छापा.
"कोड्याला एकच उत्तर असतं, बाई."
असतं.
चूक माझी, ते घर मी एकटं सोडलं.
बरोबरच्या गठ्ठ्यात तिचा कागद सरकवला,
वरून तिसरा.
सोडतीत नाव निघालं डिचोलीच्या कुणा शिरसाटांचं;
शंभर रुपये त्यांना गेले.

आज नवी चौकट आखली.
काळी घरं भरून झाली, एक सोडून.
तिथे वरून आणि खालून शब्द आणता येतो,
तसे दोन मला सुचलेतही.
केंकऱ्यांनी विचारलं तर
सुचले नाहीत म्हणेन.